बदलापूरचं वाळवंट

शीलानं लुंगीवर पाणी शिंपडलं आणि इस्त्री दाबून फिरवली. सुती कापड चुरचुरलं. निळ्या चौकड्यांची लुंगी, एका कोपऱ्याला विडीच्या ठिणगीचं भोक. तिनं ती दोनदा धुतली होती आणि आता दुकानात घालतात तशी घडी घालत होती. लुंगी त्यांच्या घरातली नव्हती. तिच्या नवऱ्यानं, प्रमोदनं, आयुष्यात कधी लुंगी नेसली नव्हती.

हॉस्पिटलातून जी पिशवी मिळाली त्यात एक घड्याळ आणि ही लुंगी, एवढंच होतं. मोबाइल, चावी आणि पँट-शर्ट नंतर पोलिसांनी दिले. प्रमोद जिथं पडला होता तिथून शंभर पावलांवर सापडले म्हणे. नीट घडी घातलेले, उडू नयेत म्हणून वर दगड. त्याच्या अंगावर घड्याळ सोडून काहीच नव्हतं. ज्या गाववाल्याला तो दिसला त्यानं स्वतःची लुंगी सोडून त्याच्यावर टाकली होती आणि नुसत्या चड्डीवर खाली गावात पळत आला होता. डॉक्टरनं कागदावर ऊन आणि हार्ट असं दोन्ही लिहिलं.

"वहिनी, माझ्याकडे लक्ष आहे का?"

राजेंद्र, प्रमोदचा धाकटा भाऊ, सोफ्याच्या अगदी टोकाला बसला होता. चहा तसाच. तो सारखा घड्याळ बघत होता, पण उठत नव्हता.

"आहे ना. बोला, भावजी."

"रविवारी पुण्यानुमोदन. शंभर माणूस कुठं जात नाही. माईक असणार. कोणी ना कोणी उभं राहणार, प्रमोद असा होता, तसा होता. आणि मग खाली जेवताना विचारणार. आपलं सगळ्यांचं एकच पाहिजे. डोहावर अंघोळीला गेला, उन्हानं चक्कर आली. बस."

"त्या डोंगरावर डोह नाहीये, काका," यशोधरा आतून म्हणाली. शीलाची ही मुलगी सत्तावीस वर्षांची, ठाण्याला एका ऑफिसात बिलिंगला. दहा दिवसांची सुट्टी टाकून घरी होती आणि इतके दिवस कुणाशी धड बोलली नव्हती.

"लोक काय मोजायला जाणारेत का डोह?"

"खाली ऑलरेडी तीन स्टोऱ्या चालू आहेत. बी विंगवाले बोलतात बाई होती. तो सेक्रेटरी बोलतो डोक्यावर परिणाम झालेला. आणि तिसऱ्या मजल्यावरची बोलते करणी. तुमची चौथी."

"मग तूच सांग काय सांगायचं! एक बाप माणूस, चोपन्न वर्षांचा, भरदुपारी डोंगरावर नागडा का गेला? सांग. मी तेच बोलतो माईकवर."

राजेंद्रनं चहा एका घोटात संपवला. थंड चहा पिताना होतं तसं त्याचं तोंड झालं, की रडण्यामुळे, ते कळलं नाही. भावाला शेवटचे कपडे त्यानंच घातले होते. पांढरा शर्ट, फुल बाह्यांचा. शीलानं काढून दिलेला.

तो गेल्यावर शीला म्हणाली, "वेडा माणूस कपड्यांची घडी घालतो का गं?"

"नाही."

"बाईकडे गेलेला माणूस?"

"मम्मी, प्लीज."

"मला रविवारपर्यंत कळलं पाहिजे. मी उभी राहून अंघोळ नाही सांगणार. आधी ही लुंगी ज्याची त्याला देऊन येऊ. त्या माणसानं स्वतःच्या अंगावरचं काढून यांना झाकलं. चल."

•

हेंद्रेपाड्यातून शेअर रिक्षानं पुलापलीकडे ईस्टला आणि तिथून दुसरी रिक्षा करून डोंगराखाली. सकाळचे नऊ वाजले होते तरी रिक्षाचं रेक्झिन तापलेलं. यशोधरानं बापाचा मोबाइल काढला. पॅटर्न लॉक होता, तिच्या नावाच्या इंग्रजी पहिल्या अक्षराचा. तिनं तो दुसऱ्याच प्रयत्नात उघडला होता आणि उघडल्यावर ती बाथरूममध्ये जाऊन बसली होती.

"हे बघ. यात एक ॲप आहे. लोक जंगलात, किल्ल्यावर कुठंतरी डबा लपवतात आणि जागेचा नंबर टाकतात. दुसरे तो नंबर लावून शोधत जातात. डब्यात वही असते. आपलं नाव लिहायचं, डबा परत तिथंच ठेवायचा."

"मग?"

"मग काही नाही. गेम आहे."

"बक्षीस?"

"नाही."

शीलानं जरा विचार केला. "हे असलं खेळायचे?"

"पप्पांनी एकच लपवलाय. सगळ्यांना दिसत नाही, सात जणांना फक्त. नाव ठेवलंय 'वाळवंट'." तिनं स्क्रीनवरचा ठिपका दाखवला. "जिथं सापडले तिथंच जवळ आहे."

शीलानं मोबाइल हातात घेतला नाही. महिन्यातले दोन रविवार प्रमोद सांगून जायचा की अंबरनाथच्या फॅक्टरीत स्टोअरचा माल मोजायचाय. फॅक्टरीत माल मोजणाऱ्याच्या मोज्यांना कुसळं लागत नाहीत. दोन वर्षं ती दर वेळी बाल्कनीत बसून ती कुसळं उपटायची. विचारलं एकदाही नाही. विचारलं असतं तर त्यानं सांगितलं असतं, असं तिला आता वाटत होतं, आणि हे वाटणंच जास्त त्रास देत होतं.

•

लुंगी टाकणाऱ्याचं नाव पोलिसांकडून कळलं होतं, बुधाजी; त्याचं घर शोधायला लागलं नाही. नाक्यावरच्या पोरांनी "तो मढंवाला?" असं विचारून बोट दाखवलं. यशोधरा त्या पोरांकडे अशी बघत राहिली की एकानं गाडीवरून पाय खाली घेतला.

अंगणात खाटेवर आंबोशी वाळत घातली होती. बुधाजी साठीचा, सुका, काळा, कानात बाळी. शीलानं ओळख सांगितली तसा तो उठून उभा राहिला. त्याची बायको चिमी पाणी घेऊन बाहेर आली.

"लय वाईट झाला, बाय. मी बकरी बघाला गेलतू. बघतंय त..." त्यानं पुढचं हातानं पुसून टाकलं. "आथा काय बोलाचा."

शीलानं पिशवीतून लुंगी काढली आणि दोन्ही हातांनी पुढे धरली. "ही तुमची. धुतलीय स्वच्छ. इस्त्री केलीय."

बुधाजीनं हात पाठीमागे घेतले. चिमी तर दोन पावलं मागंच सरली. पाण्याचा तांब्या तिच्या हातात तसाच राहिला.

"नको, बाय. ती राहूं दे तुमच्याकरं."

"अहो, तुमचीच आहे."

"हाय. पन नको."

शीलाचे हात तसेच पुढे राहिले. तिच्या मानेवर रक्त चढलेलं यशोधराला बाजूनं दिसलं. आईचा तो चेहरा तिला माहीत होता. शाळेत असताना एका मैत्रिणीच्या घरी तिला वेगळ्या कपातून चहा दिला होता, त्या दिवशी शीलाचा असाच झाला होता.

"का नको?" यशोधरा म्हणाली. आवाज चढलाच. "आमच्या घरात धुतली म्हणून? जय भीमवाल्यांनी हात लावला म्हणून? तसं सांगा ना सरळ. लाजताय कशाला?"

"यशू."

"नाही, सांगू दे. मेल्यावर झाकायला चालते, परत घ्यायला नाही चालत?"

बुधाजी तिच्याकडे बघतच राहिला. तो घाबरला नव्हता, त्याला कळलंच नव्हतं. मग कळलं. त्यानं चिमीच्या हातातून तांब्या ओढला, शीलाच्या पुढ्यात धरला आणि ती घेईना तसा आधी स्वतः त्यातलं घोटभर प्यायला, मग परत धरला.

"पी. पी गो बाय. तसा नाय काय." त्याचा आवाजच बदलला. "मढ्यावर घातलेला कपरा परत घेत नाय आमी. माज्या बापाला माजाच सदरा घातलेला, तो काय मी परत घेतला? एकदा त्याच्यावर टाकला, त्याचा झाला. त्याच्याबरोबर जाला पायजे व्हता. तुमी धुवून आनलाव."

"आम्हाला माहीत नव्हतं," शीला म्हणाली. "आमच्यात... आम्ही हे मानत नाही."

"नका मानू. पन मी कसा नेसू? त्याची हाय."

यशोधरानं तांब्या घेतला आणि पाणी प्यायली, गरज नसताना सगळं. शीलानं लुंगी छातीशी धरली.

"मग मी हिचं काय करू?"

"जागंवर सोरा. चला, मी दाखवतंय."

•

पायवाट होती ती अर्ध्यातच संपली. पुढं नुसता कातळ, करडा आणि तापलेला, मधून मधून गवताची करपलेली बेटं. झाड नाही. वरून बघितलं तर बदलापूरचे सगळे टॉवर एका रांगेत उभे दिसत होते, त्यांच्या पलीकडे अंबरनाथची धुराडी. शीलाला धाप लागत होती. बुधाजी अनवाणी पुढे चालत होता.

"वाट नाही का हो?"

"नाय. तो बाबा कवा एका वाटंनी येतच नव्हता. मना दिसायचा लांबशी. येकदा हिकरशी, येकदा तिकरशी. मी बोल्लू, ह्याचा काय हरवलाय?" मग त्यानं खाली एका उताराकडे बोट केलं. "त्या रोजी तिकरून आला. तिकरं मानसं जात नाय. सावलीच नाय."

तीन दगड एकावर एक रचलेले होते तिथं तो थांबला. "कपरं हितं व्हते. मी खाली हाय, बकऱ्यांजवल. हाक मारा."

तो गेला. शीलानं लुंगी त्या दगडांपाशी ठेवली, वर एक दगड ठेवला. हात जोडायचे की नाही ते तिला ठरवता आलं नाही. ती नुसती वाकून थोडा वेळ तशीच राहिली.

यशोधरा मोबाइल धरून पुढे गेली. थांबली, डावीकडे गेली, परत आली. एका सपाट दगडाखाली तिनं हात घातला आणि पटकन काढला, कारण दगड चटकला. मग ओढणी हाताला गुंडाळून परत घातला. स्टीलचा गोल टिफिन निघाला, पकडवाला.

शीला जवळ आली आणि तिनं तो हिसकावूनच घेतला. "हा डबा! अगं, हा डबा दोन वर्षं शोधतेय मी! मला म्हणाले फॅक्टरीत कोणी उचलला. मी त्या कोण सोहमला किती शिव्या घातल्या..."

ती हसली. म्हणजे हसल्यासारखा आवाज आला. मग तिथंच कातळावर बसली आणि बराच वेळ डबा मांडीवर धरून हुंदके देत राहिली. यशोधरा बाजूला बसली, खांद्याला खांदा लावून.

डब्यात प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेली शंभर पानी वही होती आणि एक टिकटिक करायचं पेन. पहिल्या पानावर प्रमोदचं अक्षर. स्टोअरकीपरचं अक्षर, सगळ्या वस्तूंची नावं सुटी सुटी दिसली पाहिजेत असं. यशोधरा वाचायला लागली.

"'सूचना. एक. ज्यांच्या अंगावर कोड आहे किंवा भाजल्याच्या खुणा आहेत अशांसाठीच हा डबा. इतर कोणाला सापडल्यास कृपया परत ठेवावा. दोन. दर वेळी नव्या बाजूने यावे. पायवाट पडू देऊ नये. पायवाट पडली की माणसं येतात. तीन. तीन दगडांपाशी कपडे काढावेत. चड्डीची सक्ती नाही, दोन्ही प्रकारे.'" तिनं इथं आईकडे बघितलं. "'चार. दोघं एका वेळी आले तर कोणी कोणाला बघायचं नाही. पाठीला पाठ करून बसावे. बोलायचं असल्यास बोलावे. पाच. वहीत नाव खोटं चालेल. बाकी लिहायचं ते खरं लिहावं.'"

वाऱ्यानं पान उडालं. तिनं अंगठ्यानं दाबलं.

शीला समोर बघत होती. प्रमोदला कोड आधी बोटांच्या टोकांना आलं होतं, मग कोपरांना, मग छातीवर आणि पाठीवर नकाशासारखं पसरत गेलं. गेली सहा वर्षं तो झोपतानाही पूर्ण बाह्यांचा बनियन घालायचा. अंघोळ करून बाहेर यायचा तो कपडे घालूनच. त्याची पाठ कशी झाली होती ते तिनं बघितलं नव्हतं. बघितली ती एकदम हॉस्पिटलात, आणि तेव्हा तिला तिथल्या मावशीनं बाजूला केलं.

"ऐक ना. 'आज पाठीला ऊन लागलं. शाळेनंतर पहिल्यांदा. सोलून निघाली. छान वाटलं.' खाली नाव लिहिलंय सरडा." यशोधरा पानं उलटत होती, दुसऱ्या हातानं पेन टिकटिक करत होती. "'गर्मी बहुत, सावली झिरो. एक माशी सोडून कोणी बघितलं नाही. माशीला काय प्रॉब्लेम नव्हता.' हा कोण डी आहे. मम्मी, हे सगळे असंच लिहितात. आणि हे बघ, पप्पा. पप्पांनी स्वतःचंच नाव लिहिलंय, प्रमोद."

"काय लिहिलंय?"

"'सरडा यांनी लिहिलं की त्यांची सून पोराला त्यांच्या मांडीवर देत नाही. वाचून वाईट वाटलं. माझ्या घरचे चांगले आहेत. बायको, मुलगी, कोणी कधी एक शब्द बोललं नाही. फुल बाह्या मी माझ्याच मनाने घालतो. मलाच लाज वाटते, त्यांची काही चूक नाही.'" तिनं मान वर केली. डोळे भरले होते, पण चेहऱ्यावर काहीतरी सुटल्यासारखं होतं. "बघ. आपण कधी काहीच नाही बोललो त्यांना. मला वाटत होतं... म्हणजे नऊ दिवस मी तोच विचार करत होते. आपण काही बोललो का, मी काही बोलले का. पण नाही ना. त्यांनीच लिहिलंय."

शीलानं वही घेतली. ते पान बघितलं. मग पहिल्या पानावर जाऊन पाचवी सूचना बघितली, आणि परत ते पान.

"हो," ती म्हणाली.

•

शीलाला तो आधी दिसला. तीन दगडांपाशी एक माणूस उभा होता, वरच्या अंगानं उतरून आलेला. ठेंगणा, टक्कल, हातात शर्ट. त्यांना बघून त्यानं घाईघाईत शर्टात हात घालायला सुरुवात केली. एक हात उलटा गेला, परत काढला. त्याचे खांदे पांढरे होते, दुधासारखे, आणि मान सावळी. तो शर्ट घालायची धडपड करत होता आणि मागं मागं जात होता, दोन्ही एकदम.

शीला ते बघत राहिली. मग ती बसल्या जागी वळली, दरीकडे तोंड करून.

"यशू, पाठ कर."

"काय?"

"पाठ कर म्हणते ना. वळ." आणि मोठ्यानं, समोरच्या रिकाम्या कातळाला सांगितल्यासारखं, "या! आम्ही नाही बघत! आम्ही प्रमोदच्या घरच्या!"

मग लांबून आवाज आला, "भाभी?"

"हो."

"कपडे... घालून येऊ ना?"

"तुमचं जे ठरलंय तसं या."

बराच वेळ गेला. यशोधरा खाली मान घालून पेन टिकटिकत होती. मग दगडावर दगड ठेवल्याचा आवाज झाला. मग तापलेल्या कातळावर अनवाणी पावलं, भराभर, मध्येच "आय आय आय" करत. चार-पाच हातांवर तो बसला. त्याच्या श्वासाचा आवाज दुसऱ्या बाजूला जात होता, म्हणजे त्यानंही पाठ केली होती.

"धर्मेश," तो म्हणाला. "सिंधी कॅम्प नंबर तीनला राहतो. जीन्सचं शिलाईकाम आहे माझं. वहीत डी आहे ना, तो मीच. प्रमोदभाईंचा फोन लागत नाही. आज आमच्याकडे लाईट बंद, म्हटलं डब्यात बघून येऊ, काही लिहिलं असेल. तबियत ठीक नाय का?"

शीलानं वही मिटून बाजूला ठेवली.

"पप्पा वारले," यशोधरा म्हणाली. "मागच्या रविवारच्या आधीच्या रविवारी. म्हणजे नऊ दिवस झाले. इथंच, खाली."

खूप खाली कुठंतरी बकरीची घंटी वाजली.

"कोणत्या बाजूनं?" धर्मेशनं विचारलं.

"काय?"

"कोणत्या बाजूनं आले होते?"

"तो उतार आहे ना, डावीकडचा."

"मी बोललो होतो." त्याचा आवाज फुटला. "दोनदा बोललो, साई, तिकडून नका येऊ, मरायचं काम आहे. तर हसले. बोलले, बाकी सगळ्या बाजू वापरून झाल्या धर्मेश, तीच एक राहिली. नियम मीच केलाय, मीच कसा मोडू."

शीलानं पदर तोंडाशी नेला. मग खाली घेतला.

"भाभी, एक सांगू? आम्ही सगळे त्यांना बोलायचो, तुमचं नशीब. माझ्या घरात माझी थाळी वेगळी आहे. बावीस वर्षं. सगळ्यांचं काही ना काही आहे. फक्त प्रमोदभाई. बोलायचे, माझी शीला कधी एक शब्द बोलली नाही. आम्हाला खरंच वाटायचं, असं पण घर असतं."

यशोधरानं आईच्या हातावर हात ठेवला.

"मी बोलले होते," शीला म्हणाली.

ती दरीकडे बघून बोलत होती, हळू, पण स्पष्ट. एकेक शब्द ठेवल्यासारखा.

"सहा वर्षं झाली. हिला बघायला कल्याणहून माणसं येणार होती. मी शर्ट काढून दिला. म्हटलं, आजच्या दिवस फुल बाह्यांचा घाला. आणि पाण्याचे ग्लास तुम्ही देऊ नका, भावजी देतील. तुम्ही हात मांडीवर ठेवा. ते म्हणाले, बरं. हसले. शर्ट घातला, गळ्यापर्यंत बटणं लावली, खिडकीजवळ बसले. स्थळ काही जमलं नाही. ते दुसऱ्याच कारणानं. दुसऱ्या दिवशी हे कामाला तसेच फुल बाह्यांत निघाले. मी बघितलं. मला वाटलं, म्हणावं, आता नको, ते लोक गेले. मी भाजी निवडत होते. म्हटलं, संध्याकाळी सांगू."

मागं कातळावर धर्मेश जरा हलल्याचं ऐकू आलं.

"मग सांगितलंच नाही," शीला म्हणाली. "जाळतानाही तोच दिला मी."

पेनची टिकटिक थांबली होती. यशोधराचा हात आईच्या हातावरून उचलला गेला होता. कधी, ते शीलाला कळलं नव्हतं. पोरीचा खांदा अजून लागूनच होता, पण दगडासारखा. ती खाली टॉवरांच्या रांगेकडे बघत होती. त्यातल्याच एकात कुठंतरी, सहाव्या मजल्यावर, त्या दिवशी ती साडी नेसून ट्रे घेऊन बाहेर आली होती आणि बापाकडे बघून तिला एवढंच वाटलं होतं की पप्पा आज छान दिसतायत.

ऊन डोक्यावर आलं. मागं धर्मेशनं नाक शिंकरलं. उठला नाही.

शीलानं वही मांडीवर घेतली आणि ते पान काढलं. 'त्यांची काही चूक नाही' याच्या खाली तीन ओळी रिकाम्या होत्या. तिनं डब्यात हात घातला, प्लॅस्टिक उलटंपालटं करून बघितलं, पिशवीतही बघितलं. मग तिच्या लक्षात आलं की पेन कोणाकडे आहे. तिनं मागितलं नाही. पान दाबून धरून नुसती बसून राहिली.

किती वेळ गेला काय माहीत. यशोधरानं एकदाच टिक केलं, टोक बाहेर काढलं, आणि पेन आईच्या हातात न देता, तिच्याकडे न बघता, वहीवर ठेवलं.